‘ऐकतो’ म्हणजे नेमकं काय करतो? दुकानदारासाठी एका शब्दाचे पाच अर्थ



मेहकरच्या बाजारात एखाद्या ग्राहकाला विचारून पहा, अमुक दुकान का सोडलं? पुष्कळदा उत्तर भावाचं नसतं. उत्तर येतं, “तो माणूस आयकतच नाही ना भाऊ.” आता हेच त्या दुकानदाराला सांगा. तो म्हणेल, “अहो, सकाळपासून ऐकतोच तर आहे! कान किटले माझे.”

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. शब्द एकच आहे, अर्थ मात्र वेगवेगळे. ग्राहक एका अर्थाने ‘ऐकणं’ म्हणतो, दुकानदार दुसऱ्या. या दोन अर्थांच्या मधे आपला पैसा गळतो. म्हणून आज मार्केटिंग नाही, जाहिरात नाही. आज फक्त हा एक शब्द.

अर्थ १: ऐकू येणं

हा कानाचा विषय. काउंटरवर टीव्ही चालू, बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न, आत मिक्सरचा डेमो. अशात साठीतले काका भाव विचारतात आणि तुम्ही पाठ फिरवून रॅककडे पाहत “अठराशे” म्हणता. त्यांना ऐकू येतं आठशे. पुढे बिलावर वाद होतो आणि तुम्हाला वाटतं, म्हातारा मुद्दाम करतोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ऐकण्याच्या त्रासासाठी उपचाराची किंवा मदतीची गरज असलेले लोक जगात ४३ कोटींहून जास्त आहेत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कर्णबधिर’ आणि ‘ऐकू कमी येणारे’ असे दोन गट स्वतंत्र दिले आहेत. पण तुमच्या दुकानात येणारा माणूस प्रमाणपत्र गळ्यात घालून येत नाही. बरेच जण तर लाजेपोटी “काय म्हणालात?” हेसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाहीत. ते नुसती मान हलवतात आणि निघून जातात.

उपाय फुकटचा आहे. तोंड ग्राहकाकडे करून बोला. ओरडू नका, सावकाश बोला. रक्कम कॅल्क्युलेटरवर टाइप करून समोर धरा.

अर्थ २: ऐकून घेणं

ज्ञानेश्वरीत ‘आइकणें’ असं रूप भेटतं. आपल्या वऱ्हाडीतलं ‘आयकणं’ त्याच्या किती जवळचं आहे पहा. त्याच ग्रंथात नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. म्हणजे कान तर हवेतच, पण मनही तिथेच हवं.

आता दुकानात या. ग्राहक म्हणतो, “भाऊ, कूलर आवाज करून राहिला.” तुमच्या डोक्यात लगेच उत्तर तयार होतं: वॉरंटी संपली, कंपनीला फोन करा. पण त्याने अजून मागितलं काय? कदाचित त्याला एवढंच विचारायचं असेल की चालू ठेवला तर मोटर जळेल का. त्याचं बोलणं संपायच्या आत आपण आपलं उत्तर ऐकायला लागतो. स्वतःचंच!

‘ऐकणं’ आणि ‘ऐकून घेणं’ यात फरक ‘घेणं’ या शब्दाचा आहे. तुमच्या हातात काहीतरी आलं पाहिजे. कसोटी सोपी आहे. ग्राहक थांबला की त्याचंच म्हणणं एका वाक्यात परत सांगा: “म्हणजे फॅन चालू केला की आवाज येतो, पंपाचा नाही, बरोबर?” तो “हो” म्हणाला, तर तुम्ही ऐकून घेतलं.

अर्थ ३: मान्य करणं

“पोरगं ऐकत नाही.” “ताप औषधाला ऐकत नाही.” “शेठ, भावात काही ऐका ना.” या तिन्ही वाक्यांत कानाचा संबंधच नाही. इथे ऐकणं म्हणजे मानणं, नमणं.

बरेच दुकानदार याच अर्थाला घाबरतात. त्यांना वाटतं, ग्राहकाचं ऐकून घेतलं की ऐकावंच लागणार, म्हणजे पैसे सोडावे लागणार. म्हणून ते तोंड उघडू देत नाहीत. मित्रांनो, अर्थ २ आणि अर्थ ३ हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पूर्ण ऐकून घ्या आणि मग शांतपणे “नाही” म्हणा, हे चालतं. “काका, तुमचं म्हणणं समजलं. या भावात मला परवडत नाही. त्याखालचं मॉडेल दाखवू?” असा नकार घेऊन गेलेला माणूस परत येतो. तोंडावर तोडलेला येत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही “हूं, हूं” करत राहिलात तर ग्राहक त्याचा अर्थ होकार घेतो. “सोयाबीन विकलं की देतो” यावर तुम्ही नुसती मान हलवली, तर तुमच्या वहीत नसली तरी त्याच्या डोक्यात उधारी मंजूर झाली. होकार नसेल तर तो शब्दांत सांगा.

अर्थ ४: ऐकीव

कान भरणं, हलक्या कानाचा, कर्णोपकर्णी. मराठीत कानावरून जेवढे इशारे आहेत, तेवढे क्वचितच कशावरून असतील. एक कामगार दुसऱ्याबद्दल सांगतो, “तो बिल न फाडता माल देतो.” तुम्ही संध्याकाळी हिशोब करून त्याला घरी पाठवता. त्याला विचारलं का?

न्यायाचं एक जुनं तत्त्व आहे: दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ते कोर्टापुरतं नाही, गल्ल्यावर बसणाऱ्यालाही लागू आहे. कानोसा जरूर घ्या. पण निर्णयाआधी ज्याच्याबद्दल ऐकलं, त्याच्याकडून ऐका.

अर्थ ५: सुनावणी

आता मजा पहा. ‘सुनावणं’ म्हणजे चार शब्द फटकारून बोलणं. ‘सुनावणी’ म्हणजे बाजू ऐकून घेणं. दिसायला सख्खी भावंडं, काम अगदी उलट! आणि व्यवहारात एकातून दुसरं जन्माला येतं. काउंटरवर ज्याला तुम्ही सुनावलं, तो सुनावणी लावतो.

१९६२ साली १५ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांचे चार हक्क मांडले, त्यातला एक ‘म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क’. आपल्याकडे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि आता २०१९ चा कायदा लागू आहे. त्यात हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

दुकानदाराने चार गोष्टी पाठ ठेवाव्यात. पहिली, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहकाला फी नाही. दुसरी, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तो तक्रार करू शकतो. म्हणजे रिसोडचा माणूस मेहकरात मिक्सर घेऊन गेला, तर तारखेला तुम्हाला बुलढाण्याला नाही, वाशिमला जावं लागू शकतं. तिसरी, नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं आणि आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की ही मुदत त्यापुढे वाढत नाही. चौथी, गप्प बसलात तर निकाल एकतर्फी लागू शकतो. तिथे “माझं ऐकलंच नाही” म्हणायची सोय राहत नाही, कारण ऐकायला ते तयार होते.

आणि हाच हक्क तुमचाही आहे, फक्त खिडकी वेगळी. जीएसटी कायद्याच्या कलम ७५(४) प्रमाणे तुम्ही लेखी मागितलं, किंवा तुमच्या विरोधात आदेश निघणार असेल, तर अधिकाऱ्याने सुनावणीची संधी द्यावीच लागते. सबळ कारण असेल तर तारीख पुढे मागता येते, पण जास्तीत जास्त तीन वेळा. नोटिशीला उत्तर देण्याच्या डीआरसी-०६ फॉर्ममध्ये ‘वैयक्तिक सुनावणी हवी का’ असा प्रश्न असतो. तिथे “हो” निवडा. नोंदणी रद्द करण्याची नोटीस आली तर उत्तराला कामाचे फक्त सातच दिवस मिळतात. ही नोटीस दारावर कोणी चिकटवेलच असं नाही. ती पोर्टलवर येऊन पडलेली असते. आपले बरेच व्यापारी लॉगिन अकाउंटंटकडे सोपवून मोकळे होतात, आणि ‘ऐका’ म्हणायची मुदत कधी संपली हेच त्यांना कळत नाही.

या आठवड्यात एवढंच करा

१. रोज एका ग्राहकाचं म्हणणं त्याला एका वाक्यात परत सांगा. “हो” आलं की मगच उत्तर द्या.

२. काउंटरवर तक्रार वही ठेवा. तारीख, वस्तू, ग्राहकाचं म्हणणं, तुम्ही काय केलं, त्याची सही. उद्या सुनावणी लागलीच, तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

३. दर सोमवारी दुकान उघडल्यावर जीएसटी पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. ‘नोटीस आणि ऑर्डर’ हे पान पहा आणि ‘अतिरिक्त नोटीस’ हे वेगळं पानही उघडायला विसरू नका. पाच मिनिटांचं काम आहे.

ग्राहक जोपर्यंत तुमच्याशी भांडतोय, तोपर्यंत तो तुमच्या दुकानात उभा आहे. त्याला तिथेच ऐकून घ्या. खुर्ची द्या, पाणी द्या, पाच मिनिटं द्या. वाशिमच्या एका तारखेपेक्षा हे स्वस्त पडतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, कान उघडे ठेवा!