भिवंडीतील यंत्रमाग कामगार व दीर्घ आजारपणाचा अर्थव्यवहार

आकस्मिक आजारपणाच्या खर्चाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा इस्पितळाच्या देयकापाशी थांबते. देयक कागदावर येते व त्याची बेरीज करता येते, हे त्याचे कारण. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) एका वेळच्या इस्पितळवासाचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये आढळला. परंतु पक्षाघातासारख्या व्याधीत इस्पितळातील मुक्काम हा आजारपणाचा सर्वांत लहान भाग असतो. झटका आल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत, मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर, गुठळी विरघळविणारे औषध देता येते. ही वेळ साधली अथवा हुकली, तरी काही दिवसांनी रोग्यास घरी धाडले जाते. आणि हातापायांत शक्ती परतण्याचा मुख्य काळ तेथून पुढे, तीन ते सहा महिन्यांचा, सुरू होतो. या महिन्यांचा भार कोणी वाहावयाचा, हा खरा प्रश्न होय.

भिवंडीत त्यास विशेष धार येते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७ लाख १० हजार वस्तीचे हे शहर यंत्रमागावर उभे राहिले. मागावरील कामगारास मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापाने; बारा तासांची पाळी ही येथील जुनी रीत. मापाने मिळणाऱ्या मजुरीत आजारी दिवसाचे मोल शून्य असते. रजा हा शब्दच या हिशेबात बसत नाही. उजवा हात लुळा पडलेल्या विणकराचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. भाडे, औषधे, व्यायामोपचार आणि मालकाकडून पूर्वी घेतलेली उचल मात्र थांबत नाही.

येथे इतिहासातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची जी योजना सादर केली, तिच्यात प्रथम समाविष्ट करावयाच्या तीन उद्योगगटांत कापडधंदा होता. तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला व २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा अंमल सुरू झाला. म्हणजे आजारी विणकरास वेतनाचा अंश मिळावा, ही कल्पना या विम्याच्या मुळाशीच आहे. पुढे कापड गिरणीतून छपराखाली गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपानंतर या स्थलांतरास मोठा वेग आला. कापड तेच राहिले. त्यामागील हजेरीपट मागे राहिला.

विमेदार असणे व नसणे यांतील अंतर पक्षाघाताच्या उदाहरणात स्पष्ट होते. विमेदार कामगारास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. अर्धांगवायू हा दीर्घ आजारांच्या यादीत असल्याने, दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असल्यास, पुढे ८० टक्के दराने हा लाभ दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. आजारपणाच्या वेळेचे मोल देणारी अशी दुसरी मोठी व्यवस्था देशात नाही. परंतु ती लागू होण्यास एका आस्थापनेत १० माणसे असावी लागतात. (मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी हा आकडा २० होता, १९८९ च्या दुरुस्तीने तो १० झाला व सामाजिक सुरक्षा संहितेनेही तोच ठेवला.) एकाच छपराखालील माग कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे दाखविले, की दहाचा आकडा कोठेच भरत नाही. कायद्याचा उंबरठा खाली आणला, तशी छपराची कागदोपत्री वाटणी अधिक बारीक झाली, इतकेच.

यावर सरकारी उपचार-योजना हे उत्तर नव्हे काय, असे विचारले जाईल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा १ जुलै २०२४ पासून कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये झाली असून ती मोठीच सोय आहे. तथापि तिची रचना इस्पितळातील उपचाराभोवती आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरला जातो. सोळाव्या दिवसापासून रोगी योजनेच्या दृष्टीने बरा झालेला असतो. मागावर उभे राहण्याच्या दृष्टीने त्याचे आजारपण नुकतेच सुरू झालेले असते. बुडालेली मजुरी तर पहिल्या दिवसापासूनच हिशेबाबाहेर असते.

मग एकट्याने राहणारा परप्रांतीय कामगार काय करतो? इतरत्र भिशी म्हणजे वर्गणीचा फंड. भिवंडीत कामगारांच्या खानावळीस हे नाव आहे. तेथील उधारी काही आठवडे चालते. सोबती वर्गणी काढतात. पण पाळीवर जाणाऱ्या माणसांच्या सामाईक खोलीत दिवसभर कोणी नसते, आणि अर्धांगवायूच्या रोग्यास पाण्याच्या पेल्यासाठीही माणूस लागते. तेव्हा त्याला गाडीत बसवून गावी पोचविले जाते. शुश्रूषा पत्नी किंवा आई करते. तिची बुडालेली शेतमजुरी हाही या आजारपणाचाच खर्च.

भिवंडीत त्याच्या मागावर दुसरा कामगार उभा राहतो, म्हणून उत्पादनाच्या आकड्यात खंड दिसत नाही. नमुना पाहणी घरोघर जाऊन केली जाते. साहजिकच त्या कुटुंबाने काढलेले कर्ज नोंदले गेलेच, तर ते उत्तर प्रदेशातील वा तेलंगणातील एखाद्या खेड्याच्या नावे पडते.