निळा दिवा उशिरा का लागतो?

वायफायचा राउटर बिघडला की बरेच जण राउटरबरोबर त्याचा अडॅप्टरही भंगारात देऊन टाकतात. जरा थांबा! राउटर गेला असला तरी अडॅप्टर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचा : आउटपुट १२ व्होल्ट, १ अँपिअर. भिंतीतली २३० व्होल्टची जीवघेणी वीज घेऊन तिची शांत १२ व्होल्ट करून देणारं अख्खं यंत्र आपण असं फेकून देतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझी सातवीतली भाची आली होती. खण उपसले तर असे चार अडॅप्टर निघाले. तिला खेळण्यातली मोटर फिरवायची होती. मोटरला हवेत ३ व्होल्ट आणि अडॅप्टर देणार १२. अडॅप्टर आपल्या एकाच आकड्यावर ठाम. मग आम्ही ठरवलं, खुंटी फिरवून हवे तेवढे व्होल्ट देणारा खोकाच बनवायचा. प्रयोगशाळेत टेबलावर असा खोका असतो, त्याला बेंच पॉवर सप्लाय म्हणतात. नवा घ्यायला गेलं तर काही हजार रुपये लागतात. आम्ही तो जुन्या सामानातून उभा केला. विकत आणली ती एकच वस्तू.

ती वस्तू म्हणजे एलएम ३१७ नावाचा आयसी. अंगठ्याच्या नखाएवढा काळा ठोकळा, खाली तीन पाय. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं) कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, आणि तोही अगदी स्वस्तात. तो १९७६ साली अमेरिकेत तयार झाला आणि आजही जगभर वापरला जातो. माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाच्या हातात पहिला आयसी हाच पडायला हवा.

त्याचं काम सांगते. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली करून धरा. उजव्या पायात वीज येते, मधल्यातून बाहेर पडते आणि डावा पाय आज्ञा ऐकणारा. या आयसीचा एकच हट्ट असतो : मधला आणि डावा पाय यांच्यात नेहमी १.२५ व्होल्टचा फरक राहिला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही.

या हट्टाचाच आपण फायदा घ्यायचा. मधल्या आणि डाव्या पायांमध्ये २२० ओहमचा रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडायचा. ही झाली शिडीची पहिली पायरी, १.२५ व्होल्ट उंचीची. मग डाव्या पायापासून अडॅप्टरच्या ऋण तारेपर्यंत एक पॉट जोडायचा. पॉट म्हणजे जुन्या रेडिओत आवाज लहानमोठा करायची खुंटी असते ना, त्या जातीचा भाग. आमच्या डब्यात २,२०० ओहमचा सापडला. २,२०० म्हणजे २२० च्या दहापट. खुंटी पूर्ण फिरवली की पहिल्या पायरीखाली तशाच दहा पायऱ्या लागल्या! अकरा पायऱ्या गुणिले १.२५, म्हणजे १३.७५ व्होल्ट. खुंटी शून्यावर असली की एकच पायरी.

पण मीटर लावून पाहिलं तर खुंटी पाऊण फिरल्यावर आकडा साडेदहाच्या आसपास अडला. पुढे कितीही फिरवा, ढिम्म. बरोबरच आहे. आत येताहेत १२, त्यातले दीड-दोन व्होल्ट आयसीला स्वतःच्या कामासाठी लागतात. उरतील तेवढेच तो देणार.

विजेतल्या बारीक लहरी शांत राहाव्यात म्हणून आम्ही जुन्या रेडिओच्या पट्टीवरून दोन छोटे कपॅसिटर काढून लावले. एक येणाऱ्या वाटेवर, एक जाणाऱ्या. फुगलेला कपॅसिटर घेऊ नका. ज्याच्यावर ऋण चिन्हाची पट्टी असते तो उलटा जोडला तर फुटू शकतो.

आणि उष्णता! मोटर जोडली, झकास फिरली, आणि थोड्या वेळाने मंदावली. आयसी चटका बसण्याइतका तापला होता. हिशेब करून पाहा. १२ व्होल्ट आले, ३ मोटरला गेले, मधले ९ गेले कुठे? आयसीने त्यांची उष्णता केली. मोटर अर्धा अँपिअर घेत असेल, तर ९ गुणिले अर्धा, म्हणजे साडेचार वॅट उष्णता. मोटरला मिळाले फक्त दीड वॅट! फार तापला की हा आयसी जळण्याआधी स्वतःच वीज रोखतो. मग जुन्या संगणकातली पंख्याखालची ॲल्युमिनियमची दातेरी पट्टी काढून त्याच्या पाठीला स्क्रूने घट्ट बसवली. हिला हीट सिंक म्हणतात. आयसीची धातूची पाठ आतून मधल्या पायाला जोडलेली असते, म्हणून ही पट्टी दुसऱ्या कुठल्याही तारेला टेकू द्यायची नाही.

आता नीट ऐका. अडॅप्टर कधीही उघडायचा नाही. जुना टीव्ही, मायक्रोवेव्ह यांनाही हात लावायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्यात घातक वीज साठून राहिलेली असते. आपलं सगळं काम अडॅप्टरच्या १२ व्होल्टच्या तारेपासून पुढे. सोल्डरिंग करताना मोठं माणूस शेजारी हवं, आणि झाल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण सोल्डरमध्ये शिसं असू शकतं.

भाचीने मधेच विचारलं, “मावशी, पण १.२५च का? हा आकडा कुणी ठरवला?”

मला हा प्रश्न फार आवडला. आयसी सिलिकॉनचा बनतो. सिलिकॉनमध्ये बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जा लागते. व्होल्टच्या भाषेत ती १.१ ते १.२च्या आसपास येते. हा सिलिकॉनचा स्वभावच. आयसीच्या आत दोन व्होल्टेज असतात. तापलं की एक उतरतं, दुसरं चढतं, अगदी सी-सॉसारखं. त्यांची बेरीज या स्वभावातल्या आकड्याजवळ जुळवली की ती तापमानाने फारशी हलत नाही. म्हणून १.२५.

मग इतर पदार्थांनाही असा स्वतःचा आकडा असेल? असतो, आणि आपल्या खोक्यावर तो दिसतो! एक लाल एलईडी घ्या, त्याच्याबरोबर रांगेत ४७० ओहमचा रोध लावा. खुंटी शून्यापासून अगदी हळू फिरवा. खोलीत अंधार करा. १.७ व्होल्टच्या आसपास लाल ठिपका उमलेल. आता त्याच जागी निळा लावा. १.७ला काही नाही. २लाही नाही. अडीचच्या आसपास कुठे तो डोळा उघडतो.

एलईडीत इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उडी घेतो आणि त्या उडीतून प्रकाशाचं एक पुडकं सुटतं. निळ्या प्रकाशाचं पुडकं लाल पुडक्यापेक्षा जास्त ऊर्जेचं असतं, म्हणून निळ्याची पायरी उंच, आणि तिथे चढवायला व्होल्टही जास्त. इतकी उंच पायरी असलेला पदार्थ नीट बनवणं फार अवघड होतं. लाल एलईडी १९६२ साली आला. लख्ख निळा यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं, आणि तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमचा खोका तयार झाला की प्रत्येक रंगाचा आकडा वहीत लिहा. लाल, पिवळा, हिरवा, निळा. शेवटी पांढरा लावून पाहा. तो निळ्याच्याच आकड्याजवळ लागेल, कारण पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुतेक वेळा निळाच दिवा असतो, वर पिवळ्या पावडरीचा थर.