इंदूरच्या चार धावा

राजेंद्र नगर ही इंदूरमधील मराठी माणसांची जुनी वसाहत. मंगेशीशी नाते सांगणाऱ्या आणि इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांच्या नावाचे सभागृह याच भागात आहे, त्यामुळे गोमंतकीय वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. याच शहराच्या मध्यवर्ती भागात होळकर स्टेडियम आहे. १९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, गोव्यात गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा दहनासाठी सज्ज होत असताना, त्या मैदानावर भारतीय महिला संघ विश्वचषकातील सामना इंग्लंडविरुद्ध चार धावांनी हरला. स्पर्धेतील हा भारताचा सलग तिसरा पराभव होता. दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, याच संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. विजयाचे कौतुक भरपूर झाले आणि ते योग्यच होते. मात्र अपयशातून माणूस नेमके काय शिकतो, हे समजून घ्यायचे असेल तर नवी मुंबईपेक्षा इंदूरची ती रात्र अधिक बारकाईने पाहावी लागते.

इंग्लंडने २८८ धावा केल्या होत्या. सांगलीची स्मृती मानधना आणि कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी १२५ धावांची भागीदारी केली. हरमनप्रीत ७० धावांवर बाद झाल्यावर स्मृतीने दीप्ती शर्माला साथीला घेऊन डाव पुढे नेला. धावफलक २३४ वर असताना, विजयासाठी पन्नासच्या आसपास धावा उरलेल्या असताना, स्मृतीने उंच फटका मारला आणि ती ८८ धावांवर झेलबाद झाली. त्यानंतर रिचा घोष गेली, अर्धशतक करून दीप्तीही गेली. पन्नास षटके संपली तेव्हा धावफलकावर सहा बाद २८४ अशी नोंद होती. चार गडी हातात होते आणि चार धावांनी पराभव झाला होता.

असे पराभव फार बोचतात. सपाटून हरलेला संघ स्वतःची समजूत सहज घालू शकतो, कारण समोरचा वरचढ होता हे उघड असते. हातातोंडाशी आलेला घास निसटला की मात्र ती सोय उरत नाही. अशा वेळी मन दोनच वाटा दाखवते. एक म्हणजे नशिबाला बोल लावणे, दुसरी म्हणजे ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढणे. दोन्ही वाटा सारख्याच निरुपयोगी आहेत, कारण उद्या सकाळी सरावाला जाऊन नेमके काय करायचे, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. स्मृतीने सामन्यानंतर यांपैकी काहीच केले नाही. घसरण आपल्यापासून सुरू झाली, फटक्याची निवड चुकली, अशी कबुली तिने दिली. या कबुलीचे मोल तिच्या नम्रतेत नाही, नेमकेपणात आहे. ‘आम्ही वाईट खेळलो’ या वाक्यातून काही दुरुस्त करता येत नाही. ‘अमुक वेळी उंच फटक्याची गरज नव्हती’ हे वाक्य पुढच्या सामन्यात उपयोगी पडते.

संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार त्या रात्री शांत राहिले नाहीत. हा सामना आपण जिंकून संपवायलाच हवा होता, असे त्यांनी खेळाडूंना कठोर शब्दांत सुनावले आणि ते मनापासून आलेले असल्याने सर्वांनी चांगल्या अर्थाने घेतले, असे पुढे हरमनप्रीतने सांगितले. हे सांगणारा माणूस कोण होता, हेही महत्त्वाचे आहे. १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, तरी भारताची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. इतकी वर्षे वाट पाहूनही जो माणूस खेळाविषयी कडवट झाला नाही, त्याच्या रागावर खेळाडू विश्वास ठेवतात. आपल्याकडे पराभवानंतर एकतर बोचरी हेटाळणी होते, नाहीतर ‘जाऊ दे, होते असे’ म्हणून पाठ थोपटली जाते. या दोहोंच्या मधली, स्पष्ट पण तुच्छतेचा लवलेश नसलेली वाणी घरातही दुर्मीळ आहे आणि शाळेतही.

अपयशाच्या जागी पुन्हा उभे राहण्याची आणखी एक मराठी कहाणी याच मैदानाशी जोडलेली आहे. जानेवारी २०१७ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर स्टेडियमवर झाला आणि गुजरातने मुंबईला हरवले. मुंबईचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्या हंगामात मुंबईकडे दुसरे प्रशिक्षक आले आणि पंडित विदर्भाकडे गेले. १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच मैदानावर, विदर्भाने दिल्लीला नमवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. पंडितांची त्याहून जुनी जखम बंगळुरूची होती. १९९९ मध्ये ते मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना अंतिम सामन्यात कर्नाटकावर ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. पण दुसऱ्या डावात संघ कोसळला आणि ९६ धावांनी हरला. २०२२ च्या जून महिन्यात ते मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक म्हणून त्याच चिन्नास्वामी मैदानावर परतले आणि मुंबईला सहा गडी राखून हरवून राज्याला पहिला करंडक मिळवून दिला. त्या डावात शतक झळकावणाऱ्या तिघांपैकी रजत पाटीदार इंदूरचाच. राजेंद्र नगरसारख्या वस्तीत त्या दिवशी कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात, हा घरगुती पेच पडला असल्यास नवल नाही! आणि योगायोग असा, की त्या अंतिम सामन्यात पराभूत झालेल्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते.

तेवीस वर्षांनी मिळालेला विजय जुना पराभव पुसून टाकतो, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९९९ च्या संघातील इतर खेळाडूंना तो करंडक मिळाला नाही तो नाहीच. पंडितांनी केले ते एवढेच की जिथे दुखले ती जागा टाळली नाही, आणि परतताना पूर्वीचीच तयारी घेऊन परतले नाहीत. त्यांच्या संघांची कडक शिस्त सर्वांना ठाऊक आहे. ती कधी जाचकही वाटत असेल, परंतु दडपणाखाली काय करायचे हे आधीच ठरलेले असावे, यासाठीच ती असते.

येथे भीतीचे काम कसे चालते, हे थोडे पाहायला हवे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून एक निरीक्षण मांडले. मनाची उत्तेजना काही मर्यादेपर्यंत काम सुधारते, त्यापलीकडे गेली की बिघडवते. आणि काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यालाही हा अनुभव असतो. थोडी धास्ती असली तर तो अभ्यास करतो, फार झाली तर येत असलेले उत्तरही आठवत नाही. म्हणजे भीती समूळ नाहीशी करणे हे ध्येयच चुकीचे आहे. ती मर्यादेत ठेवणे शक्य असते, आणि त्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे लक्ष पुढच्या छोट्या, हाताळता येईल अशा कामावर आणणे. निकाल आपल्या हाती नसतो, पुढचा चेंडू बऱ्याच अंशी असतो. दुसरा उपाय आपण कमीपणाचा मानतो: घाबरलो आहोत हे कोणाला तरी सांगणे.

जेमिमा रॉड्रिग्जने दोन्ही केले. स्पर्धेच्या सुरुवातीच्या चार डावांत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती आणि इंदूरच्या सामन्यातून तिला वगळण्यात आले. त्याआधी २०२२ च्या विश्वचषकासाठीच्या संघातही तिला स्थान मिळाले नव्हते. म्हणजे चार धावांनी झालेला तो पराभव तिने बाहेर बसून पाहिला. त्या दिवसांत आपल्याला चिंतेने घेरले होते, आईला फोन करून आपण रडत असू, असे तिने पुढे पत्रकारांसमोर न लाजता सांगितले. अरुंधती रेड्डी तिच्याजवळ येऊन बसे, स्मृती सरावाच्या वेळी नुसती शेजारी उभी राही. मदत याहून मोठी असावी लागते असे नाही.

इंदूरनंतर चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा उभारल्या. आपल्याला तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे, हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटे आधी कळले. ८२ धावांवर तिचा झेल सुटला. हरमनप्रीतबरोबरची १६७ धावांची भागीदारी तुटली तेव्हा शंभराहून अधिक धावा हव्या होत्या, म्हणजे इंदूरपेक्षा कितीतरी अवघड वाट समोर होती. ती थकली होती, आणि दीप्ती प्रत्येक चेंडूनंतर तिच्याशी बोलत होती. शतक झाले तेव्हा तिने बॅट उंचावून जल्लोष केला नाही. काम अजून शिल्लक होते. अमनजोत कौरने विजयी फटका मारला तेव्हा ती १२७ धावांवर नाबाद होती, पाच गडी आणि नऊ चेंडू शिल्लक होते. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये इतक्या मोठ्या लक्ष्याचा यशस्वी पाठलाग तोवर कोणीही केला नव्हता. त्यानंतर मात्र जेमिमा मैदानातच रडली.