स्ट्रीक तुटते, पहारा तुटत नाही

नवीन वर्ष आलं की आपण ध्यानाचं ॲप टाकतो. आठवडाभर स्ट्रीक चालते, मग एक दिवस चुकतो आणि कुणालाच फरक पडत नाही. गडबड तिथेच आहे.

आता अखंड हरिनाम सप्ताह बघा. 7 दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नाही. म्हणून गावकरी पहारे वाटून घेतात. समजा रात्री 2 ते 4 तुमचा पहारा, तर आधीचा माणूस गळ्यात वीणा घेऊन तुमची वाट बघत उभा असतो. तुम्ही गेला नाहीत तर तो सुटत नाही. आम्ही आयटीवाले याला ऑन-कॉल म्हणतो. फक्त इथे पगार नाही, शेवटच्या दिवशी काला आहे!

यंदा गावी सप्ताह कधी बसतोय ते घरी विचारा आणि एक पहारा मागून घ्या. रात्रीचा मागितलात तर लगेच मिळेल.