रिकामी ट्रॉली, भरलेली ट्रॉली : ब्रेक एकसारखा कसा चालेल?

अलिबाग : मे महिना उजाडला की किनारपट्टीच्या गावांत ट्रॅक्टर-ट्रॉलीला उसंत नसते. पावसाआधी घराचे काम आटपायचे म्हणून रेती, विटा, जांभ्याचे चिरे यांच्या खेपा सुरू होतात. टंचाईच्या वाड्यांवर पाण्याची टाकी न्यावी लागते. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढायच्या असतात. सकाळी मागे पाच-सहा टन, दुपारी रिकामी ट्रॉली, संध्याकाळी पेंढा. ट्रॅक्टर तोच, चालक तोच आणि ब्रेक मारायची सवयही तीच. घोळ नेमका इथेच होतो. मागचे वजन बदलले की थांबण्याचे गणितही बदलते.

मागचे वजन पुढे ढकलते

बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात. 40-45 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन. आता मागे काय आहे ते पाहू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट रेती. ती सुकी असली तरी साडेचार टनांच्या आसपास भरते, ओली असेल तर आणखी जड. हजार विटा म्हणजे जवळजवळ तीन टन. पाच हजार लिटर पाणी म्हणजे सरळ पाच टन. त्यात ट्रॉलीचे स्वतःचे वजन मिळवायचे. म्हणजे दोन टनांच्या ट्रॅक्टरने सहा टनांची ट्रॉली थांबवायची.

सपाट रस्त्यावर हळू चालताना हे जमून जाते. उतारावर मात्र ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. दहा मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता असेल, तर सहा टनांची ट्रॉली जवळपास सहाशे किलोच्या जोराने सतत पुढे रेटते. ट्रॅक्टर ब्रेकने थांबू पाहतो, ट्रॉली थांबायला तयार नसते. मग ट्रॉली बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टर कैचीसारखा दुमडतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

वेगाचेही तसेच आहे. ताशी 20 किलोमीटरवरून वेग 40 वर गेला, तर ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर दुप्पट नाही, चौपट होते.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा

गावाकडच्या अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, किंवा असतो तो गंजून बसलेला. ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक असेल तर ती स्वतःचे वजन स्वतः थांबवते. हा ब्रेक प्रामुख्याने दोन तऱ्हेचा असतो.

पहिला, ढकलण्यावर चालणारा. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे सरकते, जोडणीचा दांडा आत जातो आणि त्याच जोराने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. वजन जास्त, तर ढकल जास्त आणि ब्रेकही जास्त. हे आपोआप होते. पण लांब उतारावर हा ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. ट्रॉली मागे घेतानाही तो लागू शकतो, म्हणून त्याला वेगळी अडकण दिलेली असते. ती अडकण मागे घेऊन झाल्यावर काढायला विसरू नये, नाहीतर रस्त्यावर ब्रेक लागणारच नाही.

दुसरा, तेलाच्या किंवा हवेच्या दाबाचा. ट्रॅक्टरचे पेडल दाबले की पाइपातून दाब ट्रॉलीच्या चाकापर्यंत जातो. हा जास्त भरवशाचा. पण दाब ठरलेला असेल तर भरलेल्या ट्रॉलीला तो पुरतो आणि रिकाम्या ट्रॉलीची चाके जाम करतो. म्हणून काही ट्रॉल्यांवर रिकामी, अर्धी, भरलेली अशा खुणा असलेला छोटा दांडा असतो. वजनाप्रमाणे तो फिरवायचा. बऱ्याच जणांचा हा दांडा एकदा बसवला तो बसवलाच!

जे आपल्या रस्त्यावरच दिसते

उरणच्या जेएनपीए बंदरातून निघणारे कंटेनर ट्रेलर रायगडकर रोज पाहतात. त्यांना हवेचे ब्रेक असतात. केबिनमागून ट्रेलरला गेलेल्या गुंडाळीदार नळ्या त्याच ब्रेकच्या. त्यात एक शहाणपण आहे. ट्रेलर सुटला किंवा नळी तुटली तर हवा निघून जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे बिघाड झाला तर गाडी मोकाट सुटत नाही, थांबते. काही ट्रेलरवर वजन ओळखणारा व्हॉल्व्हही असतो. रिकाम्या ट्रेलरला तो दाब कमी देतो.

अमेरिकेत लोक पिकअप गाडीमागे होडी, घोडे किंवा शेतीची अवजारे ओढतात. तिथे ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि चालकासमोर एक छोटा डबा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरला किती जोराचा ब्रेक द्यायचा हे त्यावरच्या चकतीने ठरवतात. साध्या प्रकारात पेडल दाबल्यावर ब्रेकचा जोर ठरलेल्या वेळात ठरलेल्या हद्दीपर्यंत वाढतो. सुधारलेल्या प्रकारात गाडी किती जोरात मंदावते ते ओळखून तेवढाच ब्रेक दिला जातो. पण दोन्ही प्रकारांत मागे किती वजन आहे ते चालकालाच सांगावे लागते. भार बदलला की चकती बदलायची, हा तिथला पहिला धडा.

असा नुसता डबा आणून आपल्या ट्रॅक्टरला लावून उपयोग नाही. ट्रॉलीच्या चाकांत विजेचे ब्रेक नसतील तर तो शोभेचा. मात्र तो लावून झाल्यावर जी चाचणी घेतात, ती आपल्या ट्रॉलीलाही लागू पडते.

वजनाप्रमाणे ब्रेक कसा जुळवायचा

मोकळे, सपाट, माणसे-गुरे नसलेले मैदान किंवा रस्ता निवडावा. ताशी 15-20 किलोमीटर वेगाने जाऊन ब्रेक लावावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात.

ट्रॉलीची चाके जाम होऊन घसरली, जमिनीवर ओरखडे उठले, तर ब्रेक जास्त आहे. तो कमी करावा. ट्रॉलीने मागून दणका दिला तर ब्रेक कमी आहे. तो वाढवावा. ट्रॉली एका बाजूला ओढली गेली तर दोन चाकांचे ब्रेक सारखे नाहीत. तेव्हा आधी ते सारखे करावेत, मगच बाकीचे.

ट्रॉलीचा ब्रेक जाम होण्याच्या जरासा अलीकडे असावा, इतका बास. ही चाचणी रिकाम्या ट्रॉलीने एकदा आणि भरलेल्या ट्रॉलीने एकदा घ्यावी. दांड्याच्या दोन्ही जागांवर रंगाने खूण करून ठेवावी. ओला रस्ता, खडी किंवा वाळू असेल तर ब्रेक थोडा कमीच ठेवावा, कारण तिथे चाक लवकर घसरते.

मालाच्या रचनेलाही महत्त्व आहे. दोन चाकी ट्रॉलीत वजन मागे गेले तर जोडणी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. फार पुढे ठेवले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, सुकाणू ऐकत नाही. वजन चाकांच्या किंचित पुढे आणि खाली असावे. पेंढा हलका असला तरी उंच असतो, वळणावर तोल जातो. पाण्याची अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा फसवी. ब्रेक लावला की पाणी पुढे आदळते आणि गाडी थांबता थांबता पुन्हा ढकलते.

पेडलची कडी आणि घाट

शेतात वळायला सोपे जावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक पेडल असतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल कडीने जोडलीच पाहिजेत. कडी उघडी असताना घाईत एकच पेडल दाबले गेले, तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. कडी लावायला दोन सेकंद लागतात.

कार्ले खिंड असो की म्हसळ्याकडचा घोणसे घाट, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून गाडी सोडणे म्हणजे इंजिनाचा ब्रेक हातचा घालवणे. तापलेला ब्रेक पकड सोडतो. जळका वास आला तर पुढे रेटू नये. सुरक्षित जागी थांबावे, चाकाला दगड लावावा, ब्रेक थंड होऊ द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो.

खारी हवा, खारे पाणी

किनाऱ्यावर लोखंडाला गंज लवकर चढतो. होडी ओढताना ट्रॉलीची चाके समुद्रात गेली, तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावीत आणि बेअरिंगचे ग्रीस पाहावे. पाण्यातून किंवा चिखलातून बाहेर पडल्यावर हळू चालत दोन-तीनदा ब्रेक हलका दाबावा, म्हणजे तो सुकतो. जोडणीची पिन, तिची क्लिप आणि सुरक्षेची साखळी रोज पाहावी. पिन झिजली असेल तर ब्रेक कितीही चांगला असो, ट्रॉली सुटली की संपले.

कागद आणि दंड

कायद्याने ट्रॉली हेही वाहनच आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. किती वजन भरायचे ते नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे तीन टन जादा भरले तर 26,000 रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. नोंदणीबाबत शंका असेल तर आपल्या तालुक्याप्रमाणे पेण किंवा पनवेलच्या आरटीओत विचारावे.

दोन खेपांचा माल एका खेपेत नेल्याने वाचते ते थोडे डिझेल आणि अर्धा-एक तास. ट्रॉलीला ब्रेक बसवायला गॅरेजमध्ये एकदाच खर्च येतो. तो बसवला, भाराप्रमाणे जुळवला आणि पेडलची कडी लावली, की त्याच ट्रॅक्टरने माल आणि माणूस दोन्ही सुखरूप घरी येतात.