शंभरपैकी शंभरच्या पुढे

शाळेच्या गणिताच्या पेपरात शंभरपैकी शंभर मिळवणारी दोन मुले सारख्याच ताकदीची असतात, असे नाही. एकाची मजल तिथेच संपत असेल, तर दुसऱ्याला तो पेपर हातचा मळ वाटत असेल. गुणपत्रिकेवर मात्र दोघांसमोर आकडा एकच. दोन हातांच्या काठीने ताडाची उंची मोजायला जावे, तसा हा प्रकार आहे. गणितात विशेष गती असलेली मुले ओळखायची कशी आणि ओळखल्यावर त्यांच्यासाठी करायचे काय, या दोन प्रश्नांवर जगात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ प्रयोग होत आले आहेत. पद्धतशीर संशोधन मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांतले.

उंच मोजपट्टी

1968 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांच्यासमोर बारा वर्षांचा एक मुलगा आला. शाळेतले गणित त्याला इतके सोपे जात होते की तो कंटाळून गेला होता. स्टॅन्ली यांनी त्याला बारावीच्या वयाच्या मुलांसाठी असलेली महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ परीक्षा द्यायला लावली. त्यात त्याने विद्यापीठात प्रवेश मिळण्याइतके गुण मिळवले आणि तेराव्या वर्षी तो तिथे शिकू लागला.

यातून स्टॅन्ली यांना कळीची कल्पना सुचली: मुलाच्या वयापेक्षा वरच्या पातळीची परीक्षा घ्यायची. 1971 मध्ये त्यांनी गणितात लवकर चमकणाऱ्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. मार्च 1972 मध्ये 12 ते 14 वयाच्या सुमारे 450 मुलामुलींनी सॅटचा गणिताचा पेपर सोडवला. वर्गात एकाच रांगेत बसणारी ही ‘हुशार’ मुले त्या पेपरात दूरदूर पांगली. पुढे कॅमिला बेन्बो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी हे काम चालवले. सुमारे 5,000 जणांच्या शिक्षणाची आणि कामाची नोंद कित्येक दशके ठेवली गेली.

यातून दिसले ते असे. वरच्या एक टक्क्यातही सगळे सारखे नसतात. तेराव्या वर्षी त्यातही पुढे असलेल्यांच्या नावावर पुढे संशोधन आणि पेटंट जास्त प्रमाणात आढळतात. आकृत्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता हीसुद्धा पुढच्या सर्जनशील कामाची चाहूल देते, पण शाळेच्या परीक्षांत ती क्वचितच मोजली जाते. मुलींविषयीची नोंद तर विशेष बोलकी आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांखालील मुलांमध्ये सॅटच्या गणितात 700 च्या वर गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे होते. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हे प्रमाण एकास चारच्या आसपास आले. इतक्या थोड्या काळात मेंदूची जडणघडण बदलत नाही. बदलले ते घरचे आणि शाळेचे वातावरण.

डोक्यात काय चालते?

परीक्षेचा आकडा मुलगा कुठे पोचला ते सांगतो, कसा पोचला ते सांगत नाही. तो ‘कसा’ शोधण्याचे काम सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वादिम क्रुतेत्स्की यांनी 1955 पासून बारा वर्षे केले. मुलांना ते मोठ्याने बोलत उदाहरण सोडवायला लावत. काही उदाहरणांत नको ती माहिती जास्तीची असे, काहींत आवश्यक माहितीच गाळलेली असे, तर काहींत प्रश्नच विचारलेला नसे. त्यांचे पुस्तक 1968 मध्ये निघाले, 1976 मध्ये इंग्रजीत आले आणि या विषयाचा पाया ठरले.

त्यांच्या निष्कर्षांचा अर्थ एका साध्या कोड्यावरून कळतो. गावच्या जत्रेत 37 पैलवान उतरले आहेत. हरला तो बाद. विजेता ठरेपर्यंत एकूण किती कुस्त्या होतील? बहुतेक मुले फेऱ्या मांडत जातात: पहिल्या फेरीत 18 कुस्त्या आणि एकाला पुढे चाल, उरले 19, मग 9 कुस्त्या, उरले 10, मग 5, 2, 1 आणि 1. बेरीज 36. उत्तर बरोबर. एखादी मुलगी मात्र थोडा वेळ गप्प बसून म्हणते, “प्रत्येक कुस्तीत एकच जण बाद होतो आणि 36 जण बाद व्हायचे आहेत, म्हणजे 36 कुस्त्या.” पैलवान पाचशे असते तर, या प्रश्नावर ती 499 म्हणायला थांबत नाही. 119 कुस्त्या झाल्या तर पैलवान किती, असे उलटे विचारले तरी ती अडखळत नाही.

क्रुतेत्स्कींनी नोंदवलेल्या खुणा याच आहेत: एका उदाहरणावरून सर्वसाधारण नियम पकडणे, मधल्या पायऱ्या गाळून नेमके तर्क करणे, एक रीत सोडून दुसरीकडे सहज वळणे आणि विचाराची दिशा उलटवणे. स्मरणशक्तीही वेगळी दिसली. काही महिन्यांनी विचारल्यावर या मुलांना उदाहरणातले आकडे आठवत नसत, पण त्याचा प्रकार आणि सोडवण्याची रीत आठवे. कच्च्या मुलांचे नेमके उलट होई.

पाठांतर आणि वेग या खुणांच्या यादीत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गणितातला मोठा सन्मान असलेले फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री, इराणची मरियम मिर्झाखानी स्वतःला संथ विचार करणारी म्हणत असे. माध्यमिक शाळेत एका वर्षी शिक्षिकेला तिच्यात गणिताची चमक दिसली नव्हती आणि तिचा आत्मविश्वास ढळला होता. तिनेच पुढे 1994 आणि 1995 च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली.

पुढे नेणे की खोल नेणे?

अशा मुलांसाठी दोन मुख्य मार्ग सांगितले जातात. पहिला, अभ्यासक्रम वेगाने पुरा करणे किंवा वरच्या इयत्तेत बसवणे. त्याने मूल एकटे पडेल, ही पालकांची आणि शिक्षकांची जुनी भीती. स्टॅन्ली यांच्या अभ्यासगटात इयत्ता ओलांडलेल्या मुलांची तुलना तितक्याच हुशार, पण न ओलांडलेल्या मुलांशी केली गेली. ओलांडलेल्यांनी पुढे डॉक्टरेट किंवा पेटंट मिळवण्याचे प्रमाण 60 टक्क्यांनी जास्त निघाले. सरसकट उडी मात्र लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा गणिती टेरेन्स ताओ आठव्या-नवव्या वर्षी वेगवेगळे विषय वेगवेगळ्या इयत्तांत शिकत होता. विद्यापीठातले तासही हळूहळू वाढवले गेले. 1986, 1987 आणि 1988 च्या ऑलिंपियाडमध्ये त्याला अनुक्रमे कांस्य, रौप्य आणि सुवर्णपदक मिळाले आणि 2006 मध्ये फील्ड्स पदक.

दुसरा मार्ग त्याच इयत्तेत राहून खोल जाण्याचा. त्यासाठी असे प्रश्न लागतात, की ज्यांचा उंबरठा ठेंगणा आणि छत उंच असते. याचा उत्तम नमुना नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. तिथले शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये 6174 या संख्येचा गुण जगापुढे मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. उदाहरणार्थ 3524. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची: 5432 − 2345 = 3087. पुन्हा तेच: 8730 − 0378 = 8352. पुन्हा: 8532 − 2358 = 6174. पुढे कितीही वेळा केले तरी 6174 च येते आणि तिथवर पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत.

वजाबाकी येणारे प्रत्येक मूल या खेळात उतरू शकते. एखादे मूल पुढे जाऊन तीन अंकी संख्या करून पाहते आणि त्याला 495 सापडते. आणखी एखादे विचारते, की वजाबाकी दरवेळी 9 ने विभाज्य का असते? दोन अंकी संख्यांत एकच मुक्काम का सापडत नाही? तिथून खरे गणित सुरू होते. एकाच तासात, एकाच फळ्यावर, सगळा वर्ग गुंतलेला असताना.

सोबत आणि स्पर्धा

तालमीत जोडीदार नसला तर पैलवान तयार होत नाही, गणिताचेही तसेच. हंगेरीत 1894 मध्ये दानिएल आरान्य या शिक्षकाने माध्यमिक शाळांसाठी गणिताचे मासिक सुरू केले. त्यात दर महिन्याला कठीण प्रश्न येत आणि मुलांनी पाठवलेली चांगली उत्तरे त्यांच्या नावानिशी छापली जात. पॉल एर्डोशसारखे गणिती त्या पानांतून पुढे आले. सोव्हिएत संघात 1963 मध्ये गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्या पुढाकाराने मॉस्कोत निवासी शाळा निघाली, ती मुख्यतः राजधानीबाहेरच्या मुलांसाठी. गुणवत्ता लहान गावांतही असते, तिथे शिक्षक आणि सोबती नसतात, हे ओळखून.

भारत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये 1989 पासून भाग घेतो आणि 1996 ची स्पर्धा मुंबईत भरली होती. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निवडीच्या परीक्षा आणि सराव शिबिरे घेते. 2024 मध्ये भारतीय संघाने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने शाळकरी मुलांना ऑलिंपियाडच्या गणिताची वाट दाखवली. पुण्यातल्याच ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने तर प्रज्ञावान मुलांसाठी 1969 मध्येच स्वतंत्र प्रशाला काढली.

ऑलिंपियाडचा पेपर शाळेच्या पेपराहून वेगळा असतो, तो वेळेच्या हिशेबातही. साडेचार तासांत फक्त तीन प्रश्न, म्हणजे एकेका प्रश्नाला दीड तास. याउलट शालेय शिष्यवृत्तीपासून अभियांत्रिकी प्रवेशापर्यंतच्या आपल्या बहुतेक परीक्षा पर्याय निवडण्याच्या आणि घड्याळाशी शर्यत लावण्याच्या. मूल क्लासमध्ये रीती घोटते, पण न सुटणाऱ्या प्रश्नापाशी तासभर बसण्याची सवय त्याला लागत नाही.

या सवयीशी कौतुकाचाही संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ‘तू किती हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पहिल्या अपयशानंतर लवकर खचली; त्यांना सोपे काम हवेसे वाटू लागले. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले टिकून राहिली. हुशारीचा शिक्का बसलेल्या मुलाला चूक परवडत नाही आणि चुकल्याखेरीज कठीण गणित सुटत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा-शाळांतून गणित मंडळे चालवण्याची शिफारस आहे. त्यासाठी वेगळी इमारत किंवा महागडे साहित्य लागत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात सोमवारी एक प्रश्न लिहावा, तो शनिवारपर्यंत पुसू नये, आणि त्यावर परीक्षेत गुण नाहीत हे मुलांना आधीच सांगावे. कोण त्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा वळते, एवढे शिक्षकांनी पाहिले तरी निम्मी निवड तिथेच होते.