रोपाची नव्हे, फुलाची तारीख बघा

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास आमच्या भिवापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो. बाजारात भेटलेला माणूस विचारतो, शेजारचा धुऱ्यावरून हाक मारून विचारतो, ‘का हो, टमाटरचं रोप आता लावून टाकावं का? की थांबावं थोडं?’ पुस्तकात ज्याला टोमॅटो म्हणतात, त्याला आमच्याकडे टमाटर म्हणतात. जुनी माणसं भेदरं म्हणतात. नाव कुठलंही घ्या, प्रश्न एकच. गादीवाफ्यावरचं रोप वावरात नेमकं कधी न्यायचं? मी या प्रश्नाचं उत्तर दोनदा चुकलो. एकदा घाई करून आणि एकदा उशीर करून. दोन्ही वेळा पदरचे पैसे मोजून जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. उमरेडकडून येताना हिवाळ्यात लालेलाल वाळवणं दिसली की भिवापूर जवळ आलं म्हणून समजावं. पण मिरचीच्या लावणीचा निर्णय तसा सोपा आहे. रोहिणी-मृगात रोप टाकायचं, पाऊस जमिनीत नीट मुरला की जुलै-ऑगस्टमध्ये लावायचं. तिथे तारीख आपण ठरवत नाही, पाऊस ठरवतो. उन्हाळी टमाटरचं तसं नाही. पाणी विहिरीचं, बियाणं दुकानातलं, मजूर मिळतात. सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं. माणूस फसतो तो इथेच.

माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्यानं घरामागे चार वाफे केले आहेत. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, ‘मामा, माझी रोपं अजून खिडकीतच आहेत. बाहेर लावायला मे उजाडावा लागेल.’ त्या दिवशी आमच्याकडे तोडा सुरू होता! मला गंमत वाटली. पण मग लक्षात आलं, की परदेशी पुस्तकांत किंवा बियाण्याच्या पाकिटावर ‘थंडी सरल्यावर लावा’ असं जे लिहिलेलं असतं, ते भाच्याच्या गावासाठी खरं आहे. तिथे हिमकण पडतात, रोप एका रात्रीत काळं पडतं. म्हणून शेवटचं दहिवर कधी पडतं ते पाहून तिथले लोक लावणी करतात. आपल्याच देशात हिमाचलमधल्या सोलनकडेही थंडी ओसरल्यावर मार्च-एप्रिलमध्ये रोपं बाहेर जातात. त्या लोकांना थंडी जाण्याची वाट पाहायची असते. आपल्याला उन्हाळा येण्याआधी घर गाठायचं असतं. धोका त्यांच्या पाठीमागे आहे, आपल्या पुढे आहे.

म्हणजे आपल्याकडे थंडीची फिकीर करायचीच नाही का? मलाही तसंच वाटत होतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये माझी रोपं लवकर तयार झाली. चार पानांची, टुमदार. म्हटलं, जेवढी लवकर लावू तेवढा माल लवकर, भाव चांगला. अर्धा एकर जमीन तयार होती. आई तेव्हा होती. ती वाफ्याजवळ उकिडवी बसली, दोन-चार रोपं बोटांनी चाचपली आणि म्हणाली, ‘बाबू, सगळे एकदम नको काढू. अर्धे राहू दे.’ तिच्या शब्दाखातर अर्धी रोपं वाफ्यावर ठेवली. बाकीची २० डिसेंबरच्या सुमारास लावून टाकली.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान साडेतीन अंशांवर उतरलं. इतकी थंडी नागपुरात कधी नोंदलीच गेली नव्हती. आईनं वाफ्यावरच्या रोपांवर रोज संध्याकाळी तणस पसरलं, वरून जुनी लुगडी टाकली. सकाळी ऊन आलं की काढून घ्यायची. वावरातल्या रोपांना कोण पांघरूण घालणार? ती मेली नाहीत, पण पानांच्या कडा करपल्या, पानांची खालची बाजू जांभळट झाली आणि पुढचे तीन आठवडे रोप बोटभरसुद्धा वाढलं नाही. संक्रांतीनंतर मी वाफ्यावरची उरलेली रोपं लावली. फेब्रुवारी संपता संपता ती आधी लावलेल्यांच्या पुढे निघून गेली. महिनाभर आधी लावून मी एका दिवसाचीही कमाई केली नव्हती.

असं का होतं? टमाटर मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, उबेत वाढणारं झाड. हवा दहा अंशांच्या खाली गेली की त्याची वाढ जवळजवळ थांबते. जमीन गार असली की मुळं काम करत नाहीत. जमिनीत स्फुरद असूनही रोपाला तो उचलता येत नाही, आणि पानं जांभळी पडतात ती त्यामुळेच. अशा वेळी खत टाकून उपयोग नसतो. आजारी माणसापुढे पंचपक्वान्नांचं ताट ठेवल्यासारखं ते होतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रेडिओवर बातम्यांच्या शेवटी किमान तापमान सांगतात, ते मोजण्याचं यंत्र जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, लाकडी पेटीत ठेवलेलं असतं. आपलं रोप असतं वीतभर उंच. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि गार हवा तळाशी साचते. शिवाय शहरात सिमेंटच्या भिंती आणि रस्ते रात्रीही थोडे उबदार राहतात, उघड्या वावरात ती सोय नाही. म्हणून नागपूरचा आकडा दहा असेल, तर आपल्या रोपाजवळ तो दोन-तीन अंशांनी कमी धरावा. मी आता सलग पाच-सहा रात्री किमान तापमान बारा अंशांच्या वर राहिलं, तरच रोप वाफ्यावरून हलवतो.

ही झाली घाईची गोष्ट. आता उशिराची.

२०२२ मध्ये फेब्रुवारीत माझ्या मुलीचं लग्न होतं. रोपं जानेवारीच्या मध्यालाच तयार होती. घरधनीण म्हणत होती, ‘अहो, मांडव पडायच्या आधी रोप लावून घ्या. मग पाहुण्यांच्या गर्दीत राहून जाईल.’ मी म्हटलं, पाणी आहे, महिना इकडे-तिकडे झाला तर काय बिघडतं? लग्न झालं, पाहुणे गेले, आणि मी २० फेब्रुवारीला लावणी केली. बांबू, तार, सुतळी उसनवारीवर आणली. झाडं इतकी सुरेख वाढली की येणारा-जाणारा थांबून पाहायचा. मार्चच्या शेवटी फुलांनी झाडं पिवळी झाली. आणि मग रोज सकाळी झाडाखाली त्याच पिवळ्या फुलांचा सडा पडलेला दिसू लागला. देठाच्या गाठीपाशी फूल सुटायचं आणि गळायचं. आधी वाटलं रोग आहे. फवारे मारले, पाणी वाढवलं, खत दिलं. फूल काही थांबलं नाही. २०२२ चा मार्च हा देशात तोवर नोंदलेला सगळ्यांत उष्ण मार्च ठरला, हे नंतर कळलं. पहिल्या-दुसऱ्या घोसाला जी फळं धरली, त्यांच्या काही टोपल्या निघाल्या. वाहतुकीचाही खर्च सुटला नाही. त्या उन्हाळ्यात घरधनीण सातऱ्यावर जात होती. वाळल्या मिरचीचे देठ खुडायच्या कामाला आमच्याकडे सातरा म्हणतात. दिवसभर ठसका सोसून बायका मजुरी मिळवतात. बांबूचे पैसे फिटले ते तिच्या त्या मजुरीतून. ती एका शब्दानं मला बोलली नाही. त्याचंच जास्त लागलं.

फुलं का गळाली, ते समजून घेतलं पाहिजे. टमाटरच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. वाऱ्यानं किंवा मधमाशीच्या थरथरीनं फूल हललं की पराग आतल्या आत पडतो आणि फळ धरतं. हा पराग चांगला तयार व्हायला रात्र साधारण पंधरा ते वीस अंशांची लागते. दिवसा पारा पस्तिशीच्या पुढे जाऊ लागला आणि रात्रीही गारवा मिळेना, की पराग वांझ निघतो. पराग घडतो तो फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळीतच. म्हणजे आजच्या उन्हाची शिक्षा पुढच्या आठवड्यातल्या फुलाला मिळते. आज फूल गळताना पाहून आपण आज पाणी वाढवतो, पण नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं.

जे फळ धरतं त्यालाही ऊन सोडत नाही. कडक उन्हात फळावर पांढरट चट्टे पडतात. शिवाय तीस-बत्तीस अंशांच्या वर टमाटरचा लाल रंग नीट तयारच होत नाही. फळ पिवळट-नारिंगी राहतं आणि बाजारात व्यापारी नाक मुरडतो.

आमच्या आईला परागाचं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण त्या थंडीच्या वर्षी लुगडी घडी घालता घालता ती एक वाक्य बोलून गेली होती, ‘रोपाची तारीख नको पाहू बाबू, फुलाची पाह्य.’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये गळलेली फुलं ओंजळीत घेऊन उभा होतो तेव्हा त्याचा अर्थ कळला. सांगायला मात्र ती राहिली नव्हती.

तर मंडळी, हिशेब असा उलटा मांडायचा. नागपूर भागात जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान अठ्ठावीस-एकोणतीस असतं. फेब्रुवारीत ते बत्तिशीच्या आसपास, मार्चमध्ये छत्तिशीच्या वर आणि एप्रिलमध्ये चाळीस ओलांडतं. म्हणजे फळ धरण्याचा खरा सुकाळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरपर्यंत, फार तर दीड महिना. लावणीनंतर साधारण तीस दिवसांनी फूल येतं. फूल फेब्रुवारीच्या मध्याला हवं, तर रोप जानेवारीच्या मध्याला वावरात हवं. थंडीच्या दिवसांत रोप तयार व्हायला तीस-पस्तीस दिवस लागतात. म्हणजे बी डिसेंबरच्या मध्याआधी पडायला हवं. फळ धरल्यावर पिकायला चाळीस-पंचेचाळीस दिवस. म्हणजे तोडा एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होऊन मेच्या मध्यापर्यंत चालतो.

हे झालं पंचांग. पण पंचांगावर सगळं सोडून चालत नाही. जुनी माणसं म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते. पण महाशिवरात्रीची वाट पाहाल तर फुलाला उशीर होतो. म्हणून १५ ते २५ जानेवारी हे दहा दिवस मी मनाशी पक्के धरतो, आणि त्या दहा दिवसांत नेमका दिवस रात्रीची थंडी पाहून ठरवतो. सकाळी आठच्या सुमारास चार बोटं खोल मातीत हात घालावा. हात चटकन मागे घ्यावासा वाटला तर अजून दोन दिवस थांबावं. जानेवारी संपत आला आणि थंडी हटेना, तरी फेब्रुवारीचा पहिला आठवडा ओलांडू नये. त्यानंतर रोप उरलं असेल तर सरळ परसात घरापुरतं लावावं. उसनवारीवर बांबू आणू नयेत.

रोपालाही बाहेर जाण्याची तयारी करून द्यावी लागते. वाफ्यावर झाकून, लाडात वाढलेलं रोप एकदम उघड्यावर नेलं तर माना टाकतं. लावणीच्या आधी आठ-दहा दिवस त्याचं पाणी हळूहळू कमी करावं, दिवसाचं पांघरूण काढावं, मग रात्रीचंही. रोप थोडं राकट, गडद हिरवं आणि देठानं जाड झालं की तयार झालं. वीतभर उंचीचं, पाच-सहा पानांचं रोप उत्तम. फूल लागलेलं, लांबुडकं रोप मोठं दिसतं म्हणून निवडू नका. ते जीव धरायलाच वेळ घेतं. लावणी दुपार उलटल्यावर करावी, म्हणजे पहिली रात्र रोपाला सावरायला मिळते.

जागेबद्दल एवढंच सांगतो. मिरची किंवा वांगी निघालेल्या वावरात टमाटर लावू नका. ही तिन्ही एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आमच्या मिरचीच्या गावात हा मोह फार होतो, कारण तेच वावर रिकामं झालेलं असतं. वाफ्यावर बारीक जाळीचं कापड ठेवा, म्हणजे पांढरी माशी लहानपणीच पानं मुरडण्याचा रोग देऊन जाणार नाही. पश्चिमेच्या धुऱ्यावर मक्याच्या दोन ओळी वेळेवर पेरून ठेवा, मार्चमधल्या तिसऱ्या प्रहराचं ऊन त्या अडवतात. बुंध्याशी तणस पसरा. आणि मार्च-एप्रिलमध्ये झाडाची पानं खुडून ती ‘मोकळी’ करू नका. तीच पानं फळाची छत्री आहेत.

एवढं करूनही हमी कोणी देऊ शकत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीनं केलेला कहर कोण विसरेल? भावाचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये उन्हाळ्यात शेतकऱ्यांना मातीमोल भावानं टमाटर द्यावं लागलं आणि जुलैत तेच शहरात शंभरावर गेलं. गारा आणि भाव आपल्या हातात नाहीत. लावणीचा दिवस मात्र बराचसा आपल्या हातात आहे. म्हणून तिथे तरी चुकू नये.

मी आता दर डिसेंबरला भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारीचं पान उघडतो आणि १५ तारखेला गोल करतो. घरधनीण विचारते, ‘काय आहे त्या दिवशी?’ मी सांगतो, ‘फूल येणार आहे.’ मग दोघं मिळून तिथून मागे दिवस मोजतो आणि बी टाकायचा दिवस ठरवतो. या कामात आता तिचा शब्द शेवटचा असतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)